जीएसडी १ए: मुलगी ॲडमिट झाली की सलाइनबद्दल डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं?

कृष्णाकाठ

मुलगी साडेतीन वर्षांची, वजन १२ किलो. ग्लायकोजन स्टोरेज डिसीज टाइप १ए (जीएसडी १ए), म्हणजे लिव्हर साठवलेलं ग्लुकोज सोडू शकत नाही आणि पोट रिकामं राहिलं की शुगर घसरते. जीन टेस्टने पक्कं झालेलं. घरी दर चार तासांनी कॉर्नफ्लोअर, रात्रीसुद्धा. मेटाबॉलिकच्या डॉक्टर मुंबईत, आम्ही सांगली जिल्ह्यात.

उलट्या-जुलाब लागले की कॉर्नफ्लोअर पोटात टिकत नाही आणि जवळच्या रुग्णालयात न्यावंच लागतं. तिथे दर वेळी तेच. आजाराचं नाव कुणी ऐकलेलं नसतं. लहान मुलांची नेहमीची सलाइन लागते, 'उलट्या थांबेपर्यंत तोंडाने काही देऊ नका' असं सांगतात. शुगर ६० च्या खाली आली की २५ टक्के ग्लुकोजचं एक इंजेक्शन देतात, दहा मिनिटांनी आकडा वर दिसतो, 'आता नॉर्मल आहे' म्हणतात. तासाभरात पुन्हा खाली. मी बोलले की 'नेटवर वाचून येऊ नका'.

मला भांडायचं नाही, पण गप्पही बसता येत नाही. कॅज्युअल्टीत पहिल्या दोन मिनिटांत काय बोलायचं? वॉर्डात आपण कशावर लक्ष ठेवायचं? सोनोग्राफीला उपाशी ठेवायला सांगतात तेव्हा काय करायचं? आणि कुणी ऐकलंच नाही तर कुणाकडे जायचं?

---

चार_तासांचा_गजर

ताई, आजाराचं नाव सगळ्यात शेवटी सांगा. आधी आकडे सांगा. लाखात एखाद्याला होणारा आजार ड्युटीवरच्या डॉक्टरांना माहीत नसणं साहजिक आहे, पण ग्लुकोजचा हिशोब प्रत्येक डॉक्टरला येतो. पहिलं वाक्य असं ठेवा: 'हिचं लिव्हर ग्लुकोज सोडू शकत नाही. वजन १२ किलो. १० टक्के डेक्स्ट्रोज, सोडियम घालून, दीडपट मेन्टेनन्सने, अजिबात खंड न पडता लागतं. आत्ताची शुगर अमुक आहे, शेवटचा कॉर्नफ्लोअरचा डोस अमुक वाजता गेला.' एवढंच, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं आणीबाणीचं पत्र हातात द्या. (मेन्टेनन्स म्हणजे शरीराला दिवसभरात लागणारं नेहमीचं पाणी. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच.)

नेहमीच्या सलाइनने शुगर का टिकत नाही, हे कागदावर मांडून दाखवता येतं. शरीराला दर मिनिटाला दर किलोमागे किती मिलिग्रॅम ग्लुकोज मिळतंय याला जीआयआर म्हणतात. सूत्र सोपं आहे: सलाइनचा वेग (मिली दर तासाला) गुणिले ग्लुकोजचे टक्के, भागिले सहापट वजन.

१२ किलोच्या मुलीचं मेन्टेनन्स दिवसाला ११०० मिली, म्हणजे तासाला ४६ मिली. मुलांना लावतात त्या नेहमीच्या बाटलीत ग्लुकोज ५ टक्केच असतं. ४६ गुणिले ५ भागिले ७२, म्हणजे साधारण ३.२. या वयाच्या मुलांचं निरोगी लिव्हर उपाशीपोटी किलोमागे मिनिटाला ६ ते ८ मिलिग्रॅम सोडत असतं. म्हणजे सलाइन 'चालू' दिसते आणि पोर निम्म्या ग्लुकोजवर असतं. तेच १० टक्के आणि तासाला ६९ मिली केलं की ९.६ होतं. सव्वापटीने, ५७ मिलीने दिलं तरी ७.९. तुमचा घरचा हिशोबही याच्याशी जुळतो: किलोमागे १.६ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, म्हणजे १९ ग्रॅम, चार तासांत पचलं तर मिनिटाला सुमारे ६ पडतं. 'घरी तोंडाने हिला एवढं मिळतं, सलाइनमधून त्याच्या निम्मं मिळतंय' हे वाक्य डॉक्टरांना लगेच पटतं.

२५ टक्क्यांच्या नुसत्या इंजेक्शनचं असं होतं की शुगर एकदम चढते, त्यावर इन्सुलिन सुटतं आणि ते उरलेली शुगरही खाली ओढतं. इतर मुलांचं लिव्हर अशा वेळी साठ्यातलं ग्लुकोज सोडतं. हिचा साठा कुलूपबंद आहे. शुगर कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे २ मिली, म्हणजे २४ मिली, शिरेतून, आणि त्याच क्षणापासून पुढची सलाइन सुरू. मधे अर्ध्या तासाचाही खंड नको.

तीन गोष्टी पत्रात ठळक हव्यात. रिंगर लॅक्टेट ही सलाइन द्यायची नाही, कारण हिच्या रक्तात लॅक्टेट (लॅक्टिक आम्ल) आधीच वाढलेलं असतं आणि ते परत ग्लुकोजमध्ये वळवायची वाटच बंद आहे. ग्लुकॅगॉनचा (लिव्हरला ग्लुकोज सोडायला लावणाऱ्या इंजेक्शनचा) उपयोग नाही, उलट लॅक्टेट चढतं. आणि 'खेळतेय, म्हणजे शुगर ठीक असेल' हे गृहीत धरायचं नाही. या मुलांचा मेंदू काही काळ लॅक्टेटवर चालतो, त्यामुळे शुगर ४० असतानाही मूल हसताना, बोलताना दिसू शकतं. आकडा बघितल्याशिवाय ठरवायचं नाही.

सगळे आकडे तुमच्या मुंबईच्या डॉक्टरांकडूनच पत्रात लिहून घ्या. वजन वाढलं की पत्र बदला.

---

रात्रपाळी

मुलांच्या आयसीयूत नर्स आहे, म्हणून वॉर्डात प्रत्यक्ष कुठे चुकतं ते लिहिते.

पहिली अडचण सुईची. ही मुलं गुबगुबीत असतात, शीर सापडत नाही, इंट्राकॅथ नीट बसत नाही. हात सुजला, सलाइन बाहेर गेली, की ग्लुकोज त्या मिनिटाला बंद. इतर मुलांत 'सकाळी दुसरी सुई लावू' चालतं. हिला अर्ध्या तासात दुसरी हवी. ॲडमिट होतानाच विनंती करा: दोन हातांना दोन इंट्राकॅथ, एक चालू आणि एक राखीव. टेपखालची जागा दिसली पाहिजे, वरून जाड बँडेज गुंडाळू नये. तासातासाने बोट फिरवून बघा: थंड, ताणलेली, पांढरट त्वचा लागली की बेल दाबा. १० टक्के ग्लुकोज शिरेबाहेर गेलं तर कातडीला इजा करतं, तेव्हा हे दुहेरी महत्त्वाचं. हाताच्या शिरेतून १२.५ टक्क्यांपेक्षा जास्त तीव्र ग्लुकोज सतत चालवत नाहीत, त्याला सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, लागते.

दुसरी अडचण: 'आमच्याकडे मीठ घातलेलं १० टक्के येत नाही.' नुसतं पाण्यातलं १० टक्के डेक्स्ट्रोज बहुतेक ठिकाणी मिळतं, पण ते तासन्‌तास एकटं चालवलं तर सोडियम घसरतं, आणि सोडियम घसरून झटके येऊ शकतात. वॉर्डात बनवता येतं: डीएनएसच्या (५ टक्के डेक्स्ट्रोज आणि मीठ असलेल्या सलाइनच्या) ५०० मिलीच्या बाटलीतून १२५ मिली काढून टाकायचं आणि तेवढंच २५ टक्के डेक्स्ट्रोज घालायचं. ३७५ मिलीतले पावणेएकोणीस ग्रॅम अधिक १२५ मिलीतले सव्वाएकतीस, बरोबर ५० ग्रॅम, म्हणजे १० टक्के. सोडियम लिटरला साधारण ११५ उरतं. पोटॅशियम लघवी झाल्यावर डॉक्टर घालतील. मिश्रण सिस्टरने डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरवरच करायचं. तुम्ही फक्त हा हिशोब पत्राच्या मागच्या बाजूला छापून ठेवा. रात्री दोन वाजता गणित करायला कुणाला वेळ नसतो.

तिसरी, बाटली बदलताना. पंप असेल तर तो वाजतो, थेंबांवर चालली असेल तर बाटली रिकामी झालेली कुणाला कळत नाही. तासाला ६९ मिली म्हणजे ५०० मिलीची बाटली सव्वासात तासांत संपते. लागली ती वेळ लिहा, संपायच्या अर्धा तास आधी पुढची बाटली मागून ठेवा. एक्स-रेला, सोनोग्राफीला, एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात नेताना सलाइन 'दहा मिनिटांसाठी' काढतात, आणि लिफ्टपाशीच अर्धा तास जातो. पंप बॅटरीवर चालतो, तो सोबत न्यायला सांगा. १०८ च्या गाडीतून दुसऱ्या रुग्णालयात हलवतानाही तेच, आणि सोबत १० टक्क्यांची एक जादा बाटली.

शुगर तपासताना दोन फसवे आकडे येतात. ज्या हाताला सलाइन चालू आहे त्याच हातातून रक्त घेतलं तर शुगर खोटी जास्त दिसते. बोटाला ग्लुकोजचं पाणी लागलेलं असलं तरी तेच, म्हणून आधी साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. उलट, साध्या नळीत घेतलेलं रक्त लॅबपर्यंत उशिरा पोचलं तर पेशी ग्लुकोज खातात आणि आकडा खोटा कमी येतो. फ्लोराइडची, राखाडी बुचाची नळी हवी. लॅक्टेटसाठी पट्टा जास्त वेळ आवळायचा नाही आणि नमुना बर्फात लगेच न्यायचा.

शुगर २०० दिसली तर वेग हळूहळू कमी करायचा, सलाइन बंद नाही करायची. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

---

मोरपंखी

वर सगळं बरोबर आहे, पण एक व्यवहारी गोष्ट. तोंडाने काही नको म्हणाले तरी उलटी थांबलेली असेल तर कॉर्नफ्लोअर हळूच पाजून टाकायचं. डॉक्टरांना सांगत बसलं तर नाहीच म्हणतात.

---

रात्रपाळी

मोरपंखी, असं अजिबात करू नका. मूल उपाशी आहे असं समजून भूल दिली किंवा झोपेचं औषध दिलं आणि पोटात कॉर्नफ्लोअरचा गोळा असला तर उलटी फुप्फुसात जाऊन जीव जाऊ शकतो. जुलाब चालू असतील तर ते पचतही नाही, आणि 'दिलंय' या भरवशावर शुगर तपासायची राहून जाते. लपवून देणं हे उत्तर नाही. तोंड बंद असेल तर शीर चालू, एवढी एकच मागणी धरून ठेवा. डॉक्टरांना विचारायचा प्रश्नही हाच: 'तोंडाने बंद केलंत तर सलाइनमधून तासाला किती ग्लुकोज जातंय, ते केस पेपरवर लिहाल का?'

सोनोग्राफीबद्दल: पोटाच्या सोनोग्राफीला उपाशी राहणं सोयीसाठी असतं, जीव वाचवण्यासाठी नाही. सकाळचा पहिला नंबर मागा, १० टक्क्यांची सलाइन चालू ठेवूनच करा. ऑपरेशन किंवा दात काढायचा असेल तर आदल्या संध्याकाळीच ॲडमिट होऊन सलाइन लावायची. कंट्रोल चांगला नसलेल्या मुलांत प्लेटलेट मोजणीला भरपूर असतात पण काम नीट करत नाहीत, रक्त थांबायला वेळ लागतो. एक-दोन दिवस शुगर नीट राहिली की यात सुधारणा होते. भूलतज्ज्ञांना हे आधी कळलं पाहिजे. स्नायूतली इंजेक्शनं टाळता येतील तितकी टाळावीत, आणि तापावर आयबुप्रोफेन नको.

---

पथ्यपाणी

आहाराच्या बाजूने. रुग्णालयात शुगर कमी झाली की मावशींपासून सगळे साखर चाटवायला धावतात. साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोज या मुलांत थेट लॅक्टेटकडे जातं. म्हणून पर्समध्ये साध्या ग्लुकोज पावडरची पुडी ठेवा, चवीची नाही, घटकांत फक्त डेक्स्ट्रोज लिहिलेली. पण शुगर कमी आहे आणि हाताशी दुसरं काहीच नाही, अशा वेळी साखरपाणीसुद्धा द्या. एक वेळचं लॅक्टेट निस्तरता येतं, मेंदूला झालेली इजा नाही. मूल गुंगीत असेल तर मात्र तोंडाने काहीच नको.

घरून रुग्णालयात जाताना वाटेत: १० ग्रॅम ग्लुकोज १०० मिली पाण्यात, दर पंधरा मिनिटांनी १५ मिली, चमच्याने. याने तासाला ६ ग्रॅम जातं, १२ किलोला मिनिटाला साधारण ८ पडतं. घोटाघोटाने दिलेलं पोटात राहतं, एकदम पाजलेलं उलटून पडतं. कधी निघायचं याचा नियम: कॉर्नफ्लोअरचा एक डोस उलटला तर लगेच शुगर बघा आणि ग्लुकोजचं पाणी सुरू करा. दुसराही पडला तर घरी वाट बघू नका, शुगर त्या क्षणी ९० दिसली तरी.

औषधांच्या बहुतेक सिरपमध्ये साखर किंवा सॉर्बिटॉल असतं. ताप, खोकला, अँटिबायोटिक, सगळ्यांना विचारायचं: गोळी चुरून पाण्यात चालेल का, सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायची गोळी) आहे का, शिरेतून देता येईल का. साधं जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस चालतं, त्यात ग्लुकोज आहे, पण लिटरला १३.५ ग्रॅमच. म्हणजे ओआरएस पाण्यासाठी, शुगर टिकवण्यासाठी नाही. टेट्रापॅकमधली गोड पेयं, नारळपाणी, फळांचा रस, मध नको.

रुग्णालयाच्या किचनला चिठ्ठी द्या: साखर, गूळ, फळं, दूध-बिस्किट नको. भात, पोळी, वरण, अंडं चालेल. आणि कॉर्नफ्लोअर घरून न्या. 'मक्याचं पीठ द्या' म्हटलं की पिवळं, भाकरीचं पीठ येतं, ते चालत नाही. पांढरं, चुरचुर वाजणारं कॉर्नफ्लोअर हवं. १९ ग्रॅम किचनच्या काट्यावर मोजून पुड्या बांधा. चमच्याने मोजाल तर दर वेळी दोन-चार ग्रॅमचा फरक पडतो. साध्या पाण्यात, ५०-६० मिलीत, ढवळून लगेच. कोमट पाण्यात, गरम दुधात किंवा लिंबू पिळून नको: उष्णतेने आणि आंबटपणाने स्टार्च आधीच फुटतो, मग चार तासांचं काम दोन तासांत संपतं. सिस्टरला हे आवर्जून सांगा, कारण मुलाला थंड पाणी नको म्हणून ते गरम पाण्यात कालवून देतात. नाकातल्या नळीतून द्यायचं तर ते तळाला बसतं, नळी चोंदते. सिरिंज हलवत हलवत द्यायचं आणि मागून पाण्याने नळी धुवायची.

सलाइन काढताना आधी कॉर्नफ्लोअरचा पूर्ण डोस, तासाभराने शुगर, ती ७० च्या वर असेल तर वेग निम्मा, आणखी तासाने पुन्हा शुगर, मग बंद. एकदम बंद केली तर अंगात चढलेलं इन्सुलिन शुगर खेचतं.

---

कृष्णाकाठ

खूप आभार सगळ्यांचे. डीएनएसचा हिशोब आजच पत्रामागे लिहून घेते. दोन शंका राहिल्या. आयसीयूत आईला आत थांबू देत नाहीत, तेव्हा लक्ष कसं ठेवायचं? आणि मागच्या वेळी लॅक्टेट आणि ट्रायग्लिसराइड बघून 'सेप्सिस (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग) दिसतोय' म्हणाले, लिव्हरची बायोप्सी करायची भाषाही झाली.

---

चार_तासांचा_गजर

रिपोर्टच्या बाबतीत एक गोष्ट फार उपयोगी पडते: मूल बरं असतानाचे रिपोर्ट फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा. लॅक्टेट, ट्रायग्लिसराइड, युरिक ॲसिड, एसजीपीटी, लिव्हरचा आकार, तारखेसह. आजारी नसतानाही हिचं लॅक्टेट किती असतं हे दिसलं की आजचा आकडा किती वाढलाय ते डॉक्टरांना तोलता येतं. वाढलेलं लिव्हर हा आजाराचाच भाग आहे आणि निदान जीन टेस्टने झालेलं आहे, तेव्हा निदानासाठी बायोप्सीची गरज उरत नाही. जी६पीसी जीनचा रिपोर्ट सोबत लावा. ट्रायग्लिसराइड फार वाढलं की सीरम दुधासारखं दिसतं आणि काही मशिनांवर सोडियम खोटं कमी येतं. ब्लड गॅसच्या मशिनवर पुन्हा बघा म्हणावं.

पण सेप्सिसची शंका झिडकारू नका. ताप असेल तर अँटिबायोटिक आणि ग्लुकोज दोन्ही चालू द्या. लॅक्टेट ग्लुकोजने काही तासांत उतरायला लागलं तर कारण कळतंच. टाइप १बी वाल्या मुलांत तर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी असतात, त्यांचा ताप हा नेहमी तातडीचाच धरायचा.

---

कागदपत्रं

रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाचं काम करतो. आयसीयू आणि 'कुणाकडे जायचं' याबद्दल.

आत थांबू देत नसतील तर बेडच्या डोक्याशी चिकटवायला एक कागद द्या, मोठ्या अक्षरात चार ओळी: उपाशी ठेवू नये. १० टक्के डेक्स्ट्रोज तासाला अमुक मिली, बंद करू नये. रिंगर लॅक्टेट नको. शुगर ७० च्या खाली गेल्यास लगेच कळवावे, आणि खाली तुमचा व मुंबईच्या डॉक्टरांचा मोबाइल. दर चार तासांनी भेटायची किंवा फोनवर विचारायची वेळ ठरवून घ्या आणि तीनच गोष्टी विचारा: शेवटची शुगर आणि वेळ, सलाइनचा सध्याचा वेग, लघवी झाली का. 'कशी आहे?' विचारलं की 'स्टेबल आहे' एवढंच उत्तर मिळतं. शिफ्ट बदलताना, सकाळी आणि रात्री आठच्या आसपास, नव्या सिस्टरला पत्र पुन्हा दाखवा. निरोप तिथेच गळतो.

पत्र इंग्रजीत, एका पानाचं, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, वर्षाच्या आतलं. पाच प्रती. एक केस पेपरला टाचायची आणि 'पत्र मिळालं' असं वेळेसह लिहून घ्यायचं. भरती होताच मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावून तो ड्युटी डॉक्टरांच्या हातात द्या. डॉक्टर डॉक्टरांशी बोलले की दहा मिनिटांत मार्ग निघतो. त्यासाठी मुंबईत कुणाचा फोन रात्री उचलला जाईल, हे शांततेच्या काळात विचारून ठेवा.

नकार आला तर क्रम असा: ड्युटीचे डॉक्टर, मग ज्यांच्या नावाने भरती आहे ते कन्सल्टंट, मग मेडिकल सुपरिटेंडेंट. आवाज चढवायचा नाही, म्हणायचं: 'आमची विनंती आणि तुमचा निर्णय, दोन्ही वेळ टाकून केस पेपरवर लिहा.' लिहायची वेळ आली की बहुतेक जण पत्र पुन्हा वाचतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. कागदपत्रांच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत ते स्पष्ट आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. रागाच्या भरात 'स्वतःच्या जबाबदारीवर नेतो' अशी सही करून, सलाइन काढून पोराला गाडीत घालू नका. हलवायचं असेल तर पुढच्या रुग्णालयात बेड नक्की झाल्यावर आणि चालू सलाइनसह.

मदतीबद्दल: राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये जीएसडी १ पहिल्या गटात आहे, पण यकृत प्रत्यारोपणाची वेळ आलेल्या मुलांसाठी, म्हणजे कंट्रोल होतच नाही किंवा लिव्हरमध्ये अनेक ॲडिनोमा (गाठी) आहेत अशांसाठी. मदत ५० लाखांपर्यंत, नेमलेल्या सेंटर ऑफ एक्सलन्समार्फतच. मुंबईत केईएम हे त्यातलं एक. आज गरज नसली तरी तिथे नाव नोंदवून घ्या. आणि त्या फेरीतच आणीबाणीचं पत्र नव्या वजनाने करून आणा. १२ चे १४ किलो झाले की तासाचे ६९ मिली ७५ होतात.